स्वयंपाकघरातला मोकळा माणूस : ब्रदर लॉरेन्सचं पुस्तक संशोधकाने कसं वाचावं?



इथे आपण एरवी पेपर कसा वाचायचा, प्रयोगवही कशी ठेवायची, गाईडला मेल कधी करायची असल्या गोष्टींवर बोलतो. आज एका धार्मिक पुस्तकाबद्दल लिहितेय. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाक करणाऱ्या ब्रदर लॉरेन्स नावाच्या माणसाचं हे पुस्तक. ‘देवाच्या सान्निध्याचा सराव’ अशा अर्थाच्या नावाने ते जगभर वाचलं जातं. गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला ते वाच म्हणून सांगितलं. तिघांचंही कारण एकच होतं : ‘पीएचडीचा ताण कमी होईल.’

ताण कमी होतो का, हा माझा विषय नाही. प्रश्न असा आहे की हे पुस्तक नेमकं काय सांगतं, ते कोण सांगतंय, आणि त्यावर कितपत विसंबायचं. म्हणजे कुठल्याही पेपरला आपण जे प्रश्न विचारतो तेच. ख्रिस्ती श्रद्धेतून रोजच्या कामात आध्यात्मिक स्वातंत्र्य कसं जगायचं, या विषयावरचं हे बहुधा सगळ्यात जास्त हातांतून फिरलेलं छोटं पुस्तक असेल. त्यामुळे ते नीट तपासून वाचण्यात फायदाच आहे. श्रद्धा असो वा नसो, वाचण्याची शिस्त दोघांना सारखीच लागते.

आधी माणूस

लॉरेन्सचं मूळ नाव निकोला एर्मां. जन्म १६१४ च्या सुमाराचा, लॉरेन प्रांतातल्या एका खेड्यातला. तरुणपणी तो सैन्यात गेला. तो काळ तीस वर्षांच्या युद्धाचा. लढाईत जखमी झाला आणि पायाने कायमचा अधू राहिला. पुढे एका बड्या अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून राहिला. तिथलं स्वतःचं वर्णन तो करतो ते असं : मी धांदरट होतो, हात लावीन ते फोडत होतो. १६४० मध्ये तो पॅरिसमधल्या अनवाणी कार्मेलाईट संन्याशांच्या मठात दाखल झाला आणि १६४२ मध्ये त्याने कायमची व्रतं घेतली. मठात गेल्यावर आपल्या धांदरटपणाची चांगली शिक्षा मिळेल असं त्याला वाटलं होतं. देवाने माझी निराशा केली, मला इथे समाधानच मिळालं, असं तो गमतीने म्हणतो.

मठात दोन प्रकारचे संन्यासी असत. एक शिकलेले, पुरोहितपदाकडे जाणारे. दुसरे अंगमेहनतीची कामं करणारे बंधू. लॉरेन्स दुसऱ्या गटातला. पंधरा वर्षं त्याने स्वयंपाकघरात काढली, नंतर मठातल्या लोकांच्या सँडल बनवण्या-दुरुस्तीच्या कामावर गेला. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला. तेव्हा त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं.

मग हे पुस्तक कोणाचं?

लेखक म्हणून मुखपृष्ठावर लॉरेन्सचं नाव असतं. पण आतला मजकूर एकसारखा नाही. चार संभाषणं आहेत, पंधरा-सोळा पत्रं आहेत, आणि काही आवृत्त्यांत आध्यात्मिक सूत्रंही आहेत. पत्रं लॉरेन्सची आहेत. संभाषणं मात्र त्याने लिहिलेली नाहीत. जोसेफ द बोफोर नावाच्या एका धर्मगुरूने १६६६-६७ मध्ये लॉरेन्सला भेटून त्याच्याशी गप्पा मारल्या आणि त्या टिपून ठेवल्या. पहिल्या भेटीची तारीख ३ ऑगस्ट १६६६ अशी दिलेली आहे. लॉरेन्स गेल्यावर बोफोरने आधी १६९२ मध्ये सूत्रं आणि पत्रं छापली, मग १६९४ मध्ये संभाषणं आणि चरित्र.

आता हिशेब करा. संभाषण १६६६ चं, छपाई १६९४ ची. मध्ये अठ्ठावीस वर्षं. आणि १६६६ मध्ये लॉरेन्स जे सांगतोय त्यातलं बरंचसं १६४० नंतरच्या दशकातलं, म्हणजे त्याच्याही आठवणीतलं. दुसऱ्या संभाषणात तो स्वयंपाकघराबद्दल बोलतो ते सुटलेल्या कामाबद्दल बोलावं तसं : तिथे पंधरा वर्षं होतो, आता ज्या कामावर आहे तिथेही खूश आहे, आणि हेही सोडायला तयार आहे. म्हणजे ज्या ‘स्वयंपाकघरातल्या संता’चं चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभं केलं जातं, तो बोफोरला भेटला तेव्हा स्वयंपाकघरात नव्हताच!

याने पुस्तक खोटं ठरत नाही. पण त्याचा दर्जा कळतो. पत्रं म्हणजे प्राथमिक साधन. संभाषणं म्हणजे दुसऱ्याने केलेली नोंद, तीही संपादित. आपण मुलाखतींवर आधारित अभ्यास वाचतो तेव्हा सहभागी व्यक्तीचे शब्द कुठे संपतात आणि अभ्यासकाचे कुठे सुरू होतात, हे बघतो ना? इथेही तेच करायचं. सर्वात जास्त फिरणारं वाक्य कुठलं, तर कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ मला वेगळी वाटत नाही, भांड्यांच्या गोंगाटातही मी गुडघे टेकून बसल्याइतका शांत असतो, अशा आशयाचं. ते वाक्य आपल्याला बोफोरकडून मिळतं, लॉरेन्सच्या पत्रांतून नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. एका पत्रात लॉरेन्स स्पष्ट बजावतो की हे पत्र कुणाला दाखवणार असशील तर मी लिहिणारच नाही. दुसऱ्या एका पत्रात तो स्वतःबद्दल ‘आमच्या मठातला एक बंधू’ असं तिऱ्हाइतासारखं लिहितो. आज ती पत्रं कोणीही वाचू शकतो. संशोधनात संमतीपत्र नावाचा कागद का लागतो, हे कधी कंटाळवाणं वाटलं तर हे उदाहरण आठवा.

लोकप्रिय वाचन काय म्हणतं?

लोकप्रिय वाचन साधारण असं आहे. लॉरेन्सकडे एक तंत्र होतं. दिवसभर, कुठलंही काम करताना, देव आपल्यासमोर आहे अशी आठवण ठेवायची. मन भरकटलं की हळूच परत आणायचं. सवय झाली की शांती मिळते. भांडी घासताना मिळते, तर मग प्रयोगशाळेत काचसामान धुताना का नाही मिळणार?

हे सगळं पुस्तकात आहे, नाही असं नाही. अडचण अशी की हे वाचन एक परिणाम उचलतं आणि कारण मागे सोडून देतं. सहसंबंध दिसला की कार्यकारणभाव मानायचा नाही, हे आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो. लॉरेन्स सराव करत होता आणि लॉरेन्स मोकळा होता, हे दोन्ही खरं. पण सरावामुळे मोकळा झाला असं तो स्वतः म्हणतो का? मजकुराकडे परत जाऊ.

चार वर्षं की दहा वर्षं?

दुसऱ्या संभाषणात एक परिच्छेद आहे, तो मला सगळ्या पुस्तकाचा कणा वाटतो. लॉरेन्स सांगतो की आपण नरकातच जाणार अशी त्याची पक्की समजूत झाली होती. जगातल्या कुणालाही ती काढता आली नसती. चार वर्षं हे चाललं. एका पत्रात मात्र तो म्हणतो की पहिली दहा वर्षं फार सोसलं. सगळे जीव, स्वतःची बुद्धी, खुद्द देवही आपल्या विरुद्ध आहे असं वाटायचं, बाजूने फक्त श्रद्धा.

चार की दहा? असा फरक दिसला की नवा वाचक एकतर तो लपवतो, नाहीतर ‘पकडलं’ म्हणून खूश होतो. दोन्ही घाईचं. दोन मजकूर एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का, हे आधी बघायचं. संभाषणात एका विशिष्ट भीतीची मुदत दिलेली आहे. पत्रात सगळ्या त्रासाची. चार वर्षं दहा वर्षांच्या आत सहज बसू शकतात. माझ्या मते तसंच असावं. पण मुद्दा कुठलाही आकडा घेतला तरी टिकतो : सराव सुरू होता, आणि तरीही वर्षानुवर्षं त्रास सुरू होता. सवयीने शांती येते हे समीकरण लॉरेन्सच्या स्वतःच्या माहितीवरच टिकत नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाहीच.

मग तो सुटला कसा? इथे लोक जे गृहीत धरतात ते पुस्तकात नाही. त्याला आपलं तारण नक्की होणार याची खात्री पटली, असं तो म्हणत नाही. तो असा विचार करतो : मी मठात आलो तो देवावरच्या प्रेमापोटी. मग माझं काही का होईना, तारण होवो की न होवो, मी त्या प्रेमापोटीच वागत राहीन. मरेपर्यंत निदान तेवढं तरी मी केलेलं असेल. आणि पुढे सांगतो की तेव्हापासून माझं आयुष्य पूर्ण मोकळेपणात आणि सततच्या आनंदात गेलं.

हा क्रम नीट बघा. आधी उत्तर मिळालं आणि मग मोकळेपणा आला, असं झालेलं नाही. प्रश्न तसाच राहिला, पण तो रोजच्या वागण्याचा आधार राहिला नाही. आपण स्वीकारले जाऊ की नाही याचा हिशेब त्याने बंद केला.

‘स्वातंत्र्य’ हा शब्द

मराठी वाचकाला आध्यात्मिक स्वातंत्र्य म्हटलं की मोक्ष आठवतो, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाची घडण वेगळी आहे. पौलाच्या गलतीकरांस पत्रात, विशेषतः पाचव्या अध्यायात, स्वातंत्र्य म्हणजे नियम पाळून देवाची मर्जी कमावण्याच्या ओझ्यातून सुटका. मर्जी आधीच कृपेने मिळालेली आहे, ती कमवायची नाही. आणि लगेच पुढे पौल हेही सांगतो की हे स्वातंत्र्य मनाला येईल तसं वागायला नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करायला आहे. १५२० मध्ये मार्टिन लूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्याचाही गाभा हाच : ख्रिस्ती माणूस कुणाचाही अंकित नाही, आणि त्याच वेळी सगळ्यांचा सेवक आहे.

लॉरेन्स कॅथलिक, लूथर कॅथलिक चर्चपासून फुटलेला. तरी पुढे लॉरेन्सचं पुस्तक प्रोटेस्टंट लोकांनीच जास्त उचलून धरलं. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत त्याचा संक्षेप घेतला. याचं कारण मला या परिच्छेदात दिसतं. मठातला एक आचारी, पौलाचं नावही न घेता, पौलाचाच मुद्दा रोजच्या भाषेत सांगतोय. मी जे करतो ते स्वीकारलं जावं म्हणून करत नाही. मग जमिनीवरची काडी उचलली तरी ती प्रेमापोटी उचलता येते.

चूक झाली की काय होतं?

स्वातंत्र्य खरं आहे की नुसती भाषा, हे शांत क्षणी कळत नाही. चूक होते तेव्हा कळतं. या ठिकाणी पुस्तक फार नेमकं आहे. लॉरेन्स सांगतो की हातून चूक झाली तर मी फक्त कबूल करतो. देवाला म्हणतो, मला माझ्यावर सोडलंस तर मी असंच करणार, सावरायचं काम तुझं. आणि मग त्या गोष्टीचा विचार करत बसत नाही. चूक झाली नाही तर तो देवाचे आभार मानतो.

यात चुकीला सूट नाही. चूक चूकच म्हटली आहे. फक्त तिचा वापर स्वतःची किंमत ठरवायला केलेला नाही.

आपल्याकडे उलट असतं. स्तंभ वाहून गेला, कल्चरमध्ये बुरशी आली, पेपर परत आला, की आपण एका दमात दोन निष्कर्ष काढतो. एक प्रयोगाबद्दल : हे चुकलं. दुसरा स्वतःबद्दल : मी या कामाच्या लायकीची नाही. पहिल्याला पुरावा असतो. दुसऱ्याला नसतो, पण रात्रभर जागं तोच ठेवतो. आणि वाईट म्हणजे दुसऱ्याच्या भीतीने आपण पहिला नीट नोंदवत नाही. फसलेला प्रयोग वहीत अर्धवट लिहिला जातो किंवा लिहिलाच जात नाही. ज्याला आपली लायकी रोज सिद्ध करायची असते, त्याला खरं लिहिणं महाग पडतं. म्हणून लॉरेन्सचा मुद्दा मला मनाच्या शांतीपेक्षा प्रामाणिकपणाच्या बाजूने जास्त कामाचा वाटतो. हिशेबातून सुटलेला माणूस चूक जशीच्या तशी सांगू शकतो, कारण त्याला तिथे काही वाचवायचं नसतं.

अर्थात लॉरेन्सच्या मोकळेपणाला एक पाया आहे : देव आहे, आणि तो कृपाळू आहे. तो पाया काढून घेऊन वरची पद्धत तेवढी वापरता येईल का, याचं उत्तर पुस्तक देत नाही. तंत्र म्हणून ते विकणारे हा प्रश्न टाळतात. ज्याची श्रद्धा नाही त्याने ‘मला हा पाया मान्य नाही, पण निरीक्षण मोलाचं वाटतं’ असं सरळ म्हणावं. श्रद्धा आहे त्यानेही फक्त शांती हवी म्हणून पाया वापरू नये. लॉरेन्सच्याच तर्काने बघितलं तर तो पुन्हा हिशेबच झाला.

साक्षीवर विश्वास का ठेवायचा?

हे सगळं एका संपादित परिच्छेदावर उभं आहे, मग विश्वास का ठेवायचा? मला एक चांगलं कारण दिसतं.

१६९४ हे साल फ्रान्समधल्या कॅथलिक जगात तापलेलं होतं. मनाने पूर्ण स्वस्थ होऊन देवावर सोडून द्यावं, स्वतःच्या तारणाचीही पर्वा करू नये, अशा शिकवणीवरून मोठा वाद पेटला होता. स्पेनच्या मोलिनोसची मतं पोपने १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली होती. मादाम ग्युयों यांच्या लिखाणाची चौकशी १६९४-९५ मध्ये पॅरिसजवळ इसी इथे चालू होती. त्या चौकशीत बसलेल्यांपैकी एक होते शालोंचे बिशप नोआय, आणि बोफोर त्यांचाच हाताखालचा अधिकारी! पुढे १६९९ मध्ये फेनेलों या नामवंत आर्चबिशपच्या ग्रंथातली तेवीस विधानं पोपने निषिद्ध ठरवली. स्वार्थ नसलेलं शुद्ध प्रेम हाच त्या ग्रंथाचा विषय होता. आणि फेनेलों आपल्या बाजूने ज्यांचा दाखला देत होते त्यांत लॉरेन्सही होता.

अशा वातावरणात ‘तारण होवो की न होवो’ हे शब्द छापणं संपादकाच्या सोयीचं नव्हतं. गाळले असते तर पुस्तक जास्त सुरक्षित झालं असतं. तरी ते राहिले. इतिहासाच्या अभ्यासात हा एक जुना निकष आहे : जी माहिती सांगणाऱ्याच्या अडचणीची असते, ती त्याने बनवलेली असण्याची शक्यता कमी. याने सिद्ध काही होत नाही, पण वजन वाढतं. उलट लोकांना आवडणारी, गुळगुळीत वाक्यं याच निकषावर जरा हलकी ठरतात. भांड्यांच्या गोंगाटाच्या वाक्यापेक्षा नरकाच्या भीतीचा परिच्छेद मी जास्त विश्वासार्ह मानते तो यामुळे.

पुस्तक कुठे गप्प बसतं?

आता टीकेचा भाग. तो टाळला तर हे पुस्तक घातकही ठरू शकतं.

लॉरेन्सला स्वयंपाकघर मुळीच आवडत नव्हतं. हे पुस्तकात स्वच्छ आहे. मठासाठी द्राक्षमद्य विकत आणायला त्याला बर्गंडीला पाठवलं होतं. व्यवहाराची जाण नाही, पाय अधू, बोटीवर पिंपांवरून लोळत-सरपटत पुढे जावं लागे. तरी तो म्हणतो, काम देवाचं आहे, म्हणून मी काळजी केली नाही, आणि सगळं ठीक पार पडलं. वाचताना कौतुक वाटतं. पण पायाने अधू माणसाला त्या कामावर कोणी आणि का पाठवलं, हा प्रश्न पुस्तकात कुणी विचारत नाही. बोफोर विचारत नाही. लॉरेन्सही विचारत नाही. अंगमेहनतीचे बंधू आणि शिकलेले संन्यासी ही विभागणी योग्य की अयोग्य, यावर एक शब्द नाही. त्याच स्वयंपाकघरात राबणाऱ्या इतर कुणाची साक्ष नाही. नमुना एकाचा आहे, आणि तोही ज्याचं भलं झालं त्याचा.

इथे मराठी वाचकाला जनाबाईचं जातं आठवल्याशिवाय राहणार नाही. दळताना, कांडताना देव सोबत असणं ही आपल्या ओळखीची गोष्ट. पण तुलना जपून करावी. लॉरेन्सने व्रत स्वतः घेतलं होतं. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. काम निवडून त्यात मोकळं होणं आणि वाट्याला आलेल्या कामात मोकळं होणं, या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की दुसरीतला अन्याय दिसेनासा होतो.

आपल्या क्षेत्रात हे रोज घडतं. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते, रविवारी प्रयोगशाळेत बोलावलं जातं, दुसऱ्याच्या प्रोजेक्टची कामं गळ्यात पडतात. आणि वर उपदेश मिळतो : कामात आनंद शोधा. उपदेश करणाऱ्याने लॉरेन्सचा दाखला दिला तर त्याला एक गोष्ट सांगायला हवी. लॉरेन्सने स्वतःच्या स्वातंत्र्याबद्दल साक्ष दिली आहे. दुसऱ्याला स्वयंपाकघरात ठेवायचं समर्थन त्याने कुठेही केलेलं नाही. पहिल्या पुरुषातलं विधान दुसऱ्या पुरुषात वळवलं की त्याचा अर्थच उलटतो. ‘मी इथे मोकळा आहे’ ही साक्ष. ‘तू इथे मोकळा राहा’ हा हुकूम.

आणि पौलाचं वाक्य पूर्ण घेतलं तर ख्रिस्ती स्वातंत्र्याचा दुसरा अर्धा भाग प्रेमाने केलेली सेवा आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने तो भाग स्वतःला लावायचा. विद्यार्थ्याची फेलोशिप वेळेवर निघावी म्हणून चार फोन करणं हीसुद्धा सेवाच. स्वतःच्या लायकीच्या हिशेबातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलायलाही मोकळा असतो, किंबहुना जास्त मोकळा. ही पायरी पुस्तकात नाही. तर्काने ती त्यातून निघते, पण लॉरेन्सने ती लिहिलेली नाही. आपण लिहितो तेव्हा ती आपली म्हणून लिहावी, त्याच्या तोंडी घालू नये.

तर मग वाचावं का?

जरूर वाचावं. एका संध्याकाळी होईल एवढंच आहे. फक्त क्रम बदला. बहुतेक आवृत्त्यांत संभाषणं आधी आणि पत्रं नंतर असतात. तुम्ही पत्रं आधी वाचा. तिथला लॉरेन्स जास्त साधा आहे, तेच तेच सांगतो, आजारी बहिणींना धीर देतो, कधी जरा कडकही होतो. त्याचा आवाज कानात बसला की मग संभाषणांकडे या. बोफोरचा आवाज कुठे मिसळतोय ते आपोआप कळू लागेल. वाचताना समासात तीन खुणा करा : लॉरेन्स स्वतःबद्दल काय सांगतो, इतरांना काय करायला सांगतो, आणि बोफोर काय समजावून सांगतो. वाचून झाल्यावर ‘स्वातंत्र्य’, ‘मोकळेपणा’ या अर्थाचे शब्द कुठल्या खुणेखाली येतात ते बघा. साहित्याचा आढावा लिहिताना हीच सवय पुढे कामाला येते.

माझं मत थोडक्यात सांगते. शांतीच्या तंत्राचं पुस्तक म्हणून हे कच्चं आहे, कारण त्याचा स्वतःचा पुरावाच त्या दाव्याला पुरत नाही. कष्टकऱ्याला गप्प बसवायचं पुस्तक म्हणून ते वापरलं तर तो त्याचा गैरवापर आहे. पण एका भेदरलेल्या माणसाने, उत्तर हातात नसताना, रोजचं काम हिशेबाशिवाय करायचं ठरवलं आणि त्यातून तो मोकळा झाला, याची साक्ष म्हणून हे पुस्तक खणखणीत आहे. उद्या प्रयोग फसला तर वहीत पूर्ण लिहा : तारीख, तापमान, काय केलं, काय झालं. स्वतःबद्दलचा निष्कर्ष त्यात लिहू नका. त्याला रकाना नाही.

पत्रं वाचून झाली की तुम्हाला काय वेगळं दिसलं ते जरूर कळवा. चार आणि दहा वर्षांचा मेळ याहून चांगला लावता आला तर मला वाचायला आवडेल.